वेदना, नकार, विद्रोह – आणि पुढे?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात ‘बलुतं’वर चर्चा ठेवली होती. पंधरा-वीस पोरं, चार-पाच पोरी, दोन म्हातारे. मी रातपाळी करून तसाच आलो होतो, डोक्यावर कापसाचे तंतू घेऊन. पुस्तकावर बोलणं झालं. मग कुणीतरी म्हणालं, पुस्तकातलं पुरे, आता जिवंत अनुभव ऐकू. समोर एक पोरगा बसला होता, सतरा-अठराचा. त्याच्या गावात जमाव घरावर चालून आला होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत बापाला तुडवलं होतं. आम्ही त्याला उभं केलं. हातात माइक दिला. त्या वर्षातली ही त्याची चौथी सभा होती.

पोरगा चांगलं बोलला. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा हे त्याला आता पाठ झालं होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वृत्तांत मीच लिहिणार होतो, आणि ‘सभा अत्यंत प्रभावी झाली’ हे वाक्य डोक्यात तयारही होतं. हात धुवायला मागं गेलो तर पोरगा पाण्याच्या टाकीला धरून ओकत होता. पाठ घामानं भिजलेली. मी तांब्या पुढं केला. तो म्हणाला, ‘दादा, आता परत सांगायला लावू नका. सांगितलं की आठ-आठ दिस झोप लागत न्हाई.’

वृत्तांत मी लिहिला नाही. त्याच्या जागी हे लिहितो आहे.

मित्रहो, आपली समीक्षा वेदना, नकार आणि विद्रोह या तीन शब्दांवर उभी राहिली. आधीच्या पिढीनं ते शब्द झगडून कमावले. प्रस्थापित समीक्षक ‘हे साहित्य की आक्रोश?’ म्हणून नाकं मुरडत होते तेव्हा याच शब्दांची ढाल झाली. त्यांचं ऋण मी नाकारत नाही. पण या मांडणीत वेदना ही इंधनासारखी वस्तू झाली. ती पेटवायची आणि तिच्यावर विद्रोहाचं इंजिन चालवायचं. ज्याच्या अंगात ती वेदना आहे त्या माणसाचं पुढं काय होतं? त्याचं ब्लडप्रेशर, त्याची झोप, त्याची दारू, त्याच्या बायकोच्या पाठीवरचे वळ, यांची नोंद आपल्या समीक्षेत नाही. जखम भरून येणं हा विषय आपण दवाखान्याचा समजलो, साहित्याचा नाही. आणि चळवळीचाही नाही.

०

आधी शरीराचं बोलू, कारण वेदना तिथं राहते.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. कापसाची धूळ छातीत बसते, माणूस धापा टाकायला लागतो. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक खोड आहे. सुरुवातीला छाती आवळते ती आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी. माणूस एक दिवस धुळीबाहेर राहून आलेला असतो, आणि परत पहिला श्वास घेतला की शरीर झटका देतं. हा रोग कामामुळं होतो, कामगाराच्या कमजोरीमुळं नाही, हे मान्य करून घ्यायला जगभरच्या कामगारांना फार वर्षं लागली. आज तो कायद्याच्या यादीत आहे.

अपमानाची धूळही अशीच बसते. मी दहा वर्षांचा असताना गावात जयंतीच्या रात्री आमच्या आळीवर दगडफेक झाली. आयनं मला कणगीमागं दाबून धरलं होतं. पत्र्यावर दगड पडत होते आणि ती कानात सांगत होती, ‘काय न्हाई रं, पाऊस हाय.’ त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली. आजही खात्यात डॉफरनं रिकाम्या बॉबिनची ट्रॉली लोखंडी पेटीत पालथी केली की माझे हात थंड पडतात, गुडघ्यातलं बळ जातं. मला माहीत असतं की बॉबिन आहेत. शरीराला ते माहीत नसतं.

यात भूतबाधा नाही, भेकडपणा नाही. धोका दिसला की मेंदूतला बदामाएवढा एक भाग विचार करायच्या आधीच घंटा वाजवतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात येतं. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, पोटाचं काम मंदावतं, रक्त हातापायाकडं धावतं. पळायला किंवा लढायला हे बरोबरच आहे. धोका टळला की हे सगळं खाली बसायला पाहिजे. पण ज्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही, आणि ज्याचा धोका रोज सकाळी पाणवठ्यावर, शाळेत, हॉटेलात, मुकादमाच्या तोंडात परत भेटतो, त्याचं खाली बसत नाही. भोंगा चालूच राहतो. मग झोप उडते, पोट बिघडतं, रक्तदाब चढतो, काळजावर ताण येतो. आय म्हणायची, ‘पोटात गोळा उठतो, डोकं भणभणतं.’ डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पण गोळा कधीपासून उठतो हे विचारलं नाही. आणि आम्ही घरच्यांनी तरी कुठं विचारलं?

१९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. हजारो मोठ्या माणसांना लहानपणच्या आघातांबद्दल विचारलं होतं: मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला झालेली मारहाण, घरातली दारू वगैरे. चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांत दारूचं आणि नशेचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. हृदयविकाराचं प्रमाणही चढतं निघालं. लहानपणाचा मार चाळिशीत काळजातून बाहेर येतो, हे आकड्यांत मांडलं गेलं.

ही पाहणी मला मोलाची वाटते. पण मी समीक्षा लिहायला बसलोय, म्हणून एक खोट दाखवतो. त्या प्रश्नांच्या यादीत घर होतं. गाव नव्हतं. बापानं मारलं का हे विचारलं होतं. वर्गाबाहेर बसवलं का, वरून पाणी ओतलं का, हे विचारलं नव्हतं. आपल्या पोरांची यादी आपल्यालाच करावी लागेल. खरं म्हणजे ती झालेली आहे. आपली आत्मकथनं म्हणजे तीच यादी आहे. आपण ती तशी वाचली नाही एवढंच.

०

म्हणून परत ‘बलुतं’कडं येतो. १९७८ साली हे पुस्तक आलं तेव्हा दया पवार चाळिशी ओलांडलेले होते. पुस्तकाची घडण आठवा. गोष्ट सांगणारा आहे दगडू मारुती पवार, आणि ती ऐकणारा आहे दया पवार. माणूस एकच. समीक्षकांनी हिला निवेदनाची क्लृप्ती म्हटलं. मला ती क्लृप्ती वाटत नाही. ज्याला लाज, भूक आणि मार सोसावा लागला तो दगडू, आणि जो शिकला, नोकरीला लागला, पांढरपेशांत वावरला तो दया. या दोघांना एका कातडीत राहता येत नव्हतं. जबर आघात झालेला माणूस पुष्कळदा असाच दुभंगतो, ‘हे माझ्यावर घडलं’ म्हणण्याऐवजी ‘हे त्याच्यावर घडलं’ म्हणतो. दया पवारांनी त्या दोघांना समोरासमोर बसवलं आणि बोलू दिलं. त्या पुस्तकातलं बरं होणं, जेवढं आहे तेवढं, इथं आहे.

पण लक्षात घ्या, कधी सांगायचं, किती सांगायचं, कुणाला सांगायचं हे दया पवारांनी स्वतः ठरवलं. आमच्या पोराला यातलं काहीच मिळालं नाही. आम्ही त्याच्यातल्या दगडूला स्टेजवर ओढला आणि ऐकणारा दया त्याला दिलाच नाही. दिल्या त्या टाळ्या.

बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. बेबीताईंनी ते घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि कितीतरी वर्षं लपवून ठेवलं. त्यात महारवाड्यातल्या, अंगात येणाऱ्या बायांचं वर्णन आहे. बेबीताई त्याला अंधश्रद्धा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्यासारख्याला त्यात आणखी एक दिसतं. दिवसभर मार, उपास, सासुरवास सोसणाऱ्या बाईला ओरडायला, घुमायला, केस सोडायला तेवढीच एक परवानगी होती. देवीच्या नावानं का होईना, लोक तिचं ऐकायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण देव्हारे नदीत सोडले. फार चांगलं केलं. पण त्या बाईच्या ओरडण्याला दुसरी जागा कोणती दिली? भीमगीतं दिली, वंदनेला एकत्र बसणं दिलं. ते खरंच औषध आहे, गळा मोकळा होतो आणि सोबत मिळते. पण घरात नवरा मारतो हे सांगायला विहारात जागा आहे का? हे मी विहारातल्या बायांनाच विचारावं म्हणतो.

ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ चं. त्यांची आई बांबूची आयदानं विणायची, आणि आपलं लिहिणं हे त्याच विणण्याशी जोडलेलं आहे असं त्या सांगतात. मला हे चटकन पटतं, कारण माझं कामही तेच आहे. रिंगवर धागा तुटला की सांधायचा. पाळीभर हात तेच करतात. हात चालू असले की डोक्यातलं वादळ थोडं खाली बसतं, हे कुठल्याही कामगाराला माहीत आहे. पण विणणं म्हणजे दुःख विसरणं असं कुणी समजू नये. सांधलेल्या धाग्यात गाठ राहते. सूत तरीही चालतं.

०

आता सगळ्यांत मोठी साक्ष काढतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटं आत्मकथन बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलं. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडं गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळली आणि गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडं दिलं तेव्हा एक तयार झाला, तोही पोरांनीच गाडी हाकायची या अटीवर. सोबत डबा होता, पाणी मिळालं नाही. रात्र तहानेत काढली. दुसरा प्रसंग १९१७ चा, बडोद्याचा. परदेशात शिकून आलेला माणूस पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहतो, काठ्या घेतलेली माणसं येऊन त्याला बाहेर काढतात, मित्र घरात घ्यायला कचरतात, आणि तो बागेत जाऊन बसतो. अठरा वर्षांनंतर ते लिहिताना बाबासाहेब कबूल करतात की हा प्रसंग डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आपल्याला कधीच आठवत नाही.

त्याच लिखाणात त्यांनी १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापलेलं काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. बाळंतीण बायको आजारी. डॉक्टर तिला शिवत नाही. थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हातात, तिथून नवऱ्याच्या हातात, मग बायकोकडं. ती बाई वाचली नाही. जातीचा आरोग्याशी काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पान वाचावं.

आपल्यातला कुणी रडला की आपण म्हणतो, ‘अरे वाघ आहेस का कोण? रडतो काय?’ दोस्तांनो, बाबासाहेब रडत होते. आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. म्हणजे रडणं आणि लढणं यांत वैर आहे ही समजूत आपली आहे, त्यांची नाही.

आता १९०१ ची ती तहान आणि २० मार्च १९२७ चं महाड शेजारी ठेवून बघा. ज्या पोराला पाणी मिळालं नाही, त्यानं सव्वीस वर्षांनी हजारो लोकांना सोबत घेऊन चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आपण हा दिवस हक्काचा म्हणून वाचतो, तो आहेच. मी तो बरं होण्याचाही म्हणून वाचतो. एकट्याची लाज होती ती सगळ्यांची मागणी झाली. शरीर जिथं थिजलं होतं तिथंच ते पुन्हा हललं. पण त्यातही भाबडेपणा नको. त्याच दिवशी जमावानं आपल्या लोकांना झोडपलं. आणि महाडनंतरही बडोदा आठवून डोळे भरत होतेच. तेव्हा बरं होणं म्हणजे आठवण पुसणं नव्हे. आठवण आली तरी माणूस मोडून पडत नाही, कामाला उठतो, माणसांत राहतो, एवढाच त्याचा अर्थ.

०

मग सांगावं की सांगू नये? लिहावं की लिहू नये?

१९८६ साली पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या दिवशी आणखी वाईट वाटलं, रक्तदाबही चढला. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. पुढं असे पुष्कळ प्रयोग झाले. फायदा बेताचा निघाला, आणि सगळ्यांना सारखा नाही. म्हणजे लिहिणं हे औषध आहे, पण ते एकटं पुरत नाही. ‘लिही म्हणजे मोकळा होशील’ असं कुणालाही दडपून सांगू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. घटना घडल्यावर लगेच माणसाला बसवून सगळं सांगायला लावायचं, अशी एक पद्धत होती. तपासणीत तिचा उपयोग दिसला नाही, काहींना उलट अपाय झाला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र सोपं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे माणूस सुरक्षित आहे का, जेवला का. ऐका म्हणजे तो बोलेल तेवढंच, उकरायचं नाही. जोडून द्या म्हणजे नातलगाशी, दवाखान्याशी, वकिलाशी. आपण नेमकं उलटं करतो. आधी माइक, मग फोटो, आणि जेवला का हे शेवटीसुद्धा नाही.

ज्युडिथ हर्मन या डॉक्टरबाईंनी १९९२ च्या पुस्तकात क्रम सांगितला: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. या पहिल्या पायरीवर आपलं कार्यकर्त्याचं काम आहे. ज्या घरावर उद्या परत दगड येणार आहेत त्या घरातल्या पोराला ‘मन शांत ठेव’ म्हणणं हा ढोंगीपणा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ आहे. पीडिताला आणि साक्षीदाराला संरक्षण, प्रवास-निर्वाह खर्च, पुनर्वसन हे त्यात हक्क म्हणून आहेत. त्याचा अर्ज करणं हाही उपचार आहे. आणि त्या पोराला कोर्टात एकदा सगळं सांगावं लागणारच आहे. तिथं लागणारं बळ आपण चौकाचौकांत खर्चून टाकतो.

दुसऱ्या पायरीला जाणकार माणूस लागतो. आघातावर रोख ठेवून केलेल्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत, त्यांचा गुण येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यात हा उपचार मिळणं हा हक्क केला. १४४१६ हा सरकारचा मोफत फोन २०२२ पासून चालू आहे. तिथं जाणं म्हणजे वेडं ठरणं नाही. पण जो डॉक्टर जात ऐकून खुर्ची मागं ओढतो, किंवा ‘आता कुठं जात राहिली?’ म्हणतो, त्याच्यापुढं जखम उघडू नका, दुसरा शोधा. सोबत कुणीतरी जा.

आणि डॉक्टर कमी पडतात तिथं? झिंबाब्वेत हरारेच्या सरकारी दवाखान्यांबाहेर बाकडी मांडली आहेत. त्यावर शिकवून तयार केलेल्या आज्या बसतात. लोक येतात, बोलतात, आजी त्यांच्या अडचणीचा एक-एक धागा सोडवायला मदत करते. डिक्सन चिबांडा या डॉक्टरनं २००६ मध्ये हे सुरू केलं, आणि २०१६ मध्ये तपासणी होऊन त्याचा गुण सिद्ध झाला. त्या आज्या ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत ‘फार विचार करणं’ असा शब्द आहे, तोच वापरतात. आपल्याकडं पोटातला गोळा आहे, छातीतलं धस्स आहे. विहार आहेत, आज्याही आहेत.

१९७२ मध्ये आपण अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. त्यांचा आवेश घेतला. त्यांनी १९७० च्या आसपास आपल्या वस्त्यांत मोफत दवाखाने उघडले होते, हे मात्र आपल्या भाषणांत क्वचित येतं. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. आपण मोर्चे काढले, काढायलाच पाहिजे होते. पण हॉस्टेलात एकट्या पडलेल्या पोराच्या खोलीवर रोज संध्याकाळी जाऊन ‘जेवलास का?’ विचारणारी माणसं आपण किती नेमली?

०

आमच्या विहारात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. सांगायचं की नाही हे सांगणाऱ्यानं ठरवायचं. कुणी बोललं तर त्या रात्री आणि पुढचे आठ दिवस कुणीतरी त्याच्यासोबत राहायचं. आणि टाळ्या नाहीत.

तो पोरगा आता विहारातल्या पुस्तकांचं रजिस्टर सांभाळतो. एकदा मी त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेलो, दुसऱ्यांदा तो एकटा गेला. झोप अजून पुरती आलेली नाही. गेल्या रविवारी गोरेगावच्या प्रवासाचं वाचन होतं. तो आपणहून उठला आणि वाचायला लागला. पाण्याच्या जागेपाशी थांबला. कुणी काही बोललं नाही. शेजारच्या पोरीनं पुस्तक घेतलं आणि पुढचं वाचलं. तो तिथंच बसून ऐकत राहिला.

चौथा शब्द मला अजून सापडलेला नाही. तुम्हाला सुचला तर कळवा. मी चुकत असेन तर तेही लिहा, पुढच्या अंकात छापू.

जय भीम.